पळून गेलेल्या मुलाची शाळा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे एक गाव आहे. काळीभोर जमीन, कापूस, तूर, ज्वारी, अलीकडच्या काळात ऊस, आणि तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी. मराठवाड्यातल्या इतर शेकडो गावांसारखेच हे गाव. फरक एवढाच की आता त्याला जांब समर्थ म्हणतात. माणसाने गावाचे नाव आडनाव म्हणून लावावे ही आपल्याकडची जुनी रीत. येथे मात्र गावानेच एका मुलाचे नाव आपल्या नावापुढे लावले. आणि तेही अशा मुलाचे, जो वयाच्या बाराव्या वर्षी स्वतःच्या लग्नाच्या मांडवातून पळून गेला आणि पुढे चोवीस वर्षे घराकडे फिरकला नाही.

समर्थ रामदासांचे चरित्र मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सावधान म्हटले आणि नवरा मुलगा सावध होऊन निघून गेला, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. त्यानंतर एकदम दासबोध येतो, मारुतीची मंदिरे येतात आणि शिवाजी महाराज येतात. मधला काळ गळून जातो. बारा वर्षांच्या पोराला आपण पुढे कोण होणार हे खरोखरच कळलेले असते काय? संसार नको एवढे त्याला कळले असेल; पण मग काय हवे, हे कळायला किती वर्षे लागली? आणि शेवटी त्याला आपले काम सापडले, ते नेमके कोणते?

मला वाटते, समर्थांना सापडलेले खरे काम म्हणजे तरुण मुलांची घडण. ग्रंथ, मठ, मंदिरे, उत्सव हे सारे त्या कामाच्या ओघात आले. मुले शोधायची, त्यांना जवळ ठेवायचे, शिकवायचे, पारखायचे आणि एक दिवस विश्वासाने दूर पाठवून द्यायचे. ज्याच्या मनातले लहानपणी घरातल्या कोणाला नीट ओळखता आले नाही, तोच पुढे दुसऱ्यांच्या मुलांच्या मनातले ओळखणारा झाला. या बाजूने त्यांचे चरित्र वाचले की ते देव्हाऱ्यातून उतरून आपल्या ओसरीवर येऊन बसते.

जांबच्या ठोसर घराण्यात शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीला नारायणाचा जन्म झाला. वडील सूर्याजीपंत सूर्योपासक, आई राणूबाई. थोरला भाऊ गंगाधर तीन वर्षांनी मोठा. घरात रामाची उपासना होती, गावात मान होता. नारायण मात्र हूड. झाडांवर चढणे, पाण्यात डुंबणे, रानात भटकणे यात त्याचा दिवस जाई. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. बाप गेलेल्या घरात आईचे काळीज कसे कातर होते आणि थोरल्या मुलावर कसे अकाली प्रौढपण येते, हे आपण पाहिलेले असते. धाकटा मात्र कोणत्याच चौकटीत बसत नव्हता. एकदा तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला सापडला. काय करतोस म्हणून आईने विचारले, तेव्हा आपण विश्वाची चिंता करतो आहोत असे त्याने सांगितले, अशी कथा आहे. आपल्या घरातल्या पोराने असे उत्तर दिले तर आपण हसू. राणूबाई हसल्या की घाबरल्या, हे कथेत येत नाही.

दुसरी एक कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. गंगाधरपंत लोकांना अनुग्रह देत असत. नारायणाने थोरल्या भावाकडे आपल्यालाही मंत्र द्यावा म्हणून हट्ट धरला. तू अजून लहान आहेस, योग्य वेळ आली की पाहू, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. भावाचे काही चुकले नव्हते. तोही अजून पोरच होता आणि त्याच्या डोक्यावर घर होते. नारायण रुसून गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला आणि तिथेच त्याला रामाचा अनुग्रह झाला, असे परंपरा मानते. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला दिसते ते इतकेच, की घरात दार बंद झाल्यावर हा मुलगा देवळात गेला. पुढे आयुष्यभर या माणसाने गावोगावी मारुतीची देवळे उभी केली आणि ती मुलांसाठी उघडी ठेवली, याचे मूळ मला त्या रुसव्यात दिसते.

अशा मुलाला वळणावर आणण्याचा आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे लग्न. राणूबाईंनी तोच योजला. नारायण ऐकेना, तेव्हा अंतरपाट धरेपर्यंत तरी नाही म्हणू नकोस असे त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतले, असे चरित्रकार सांगतात. आईला वाटले, एकदा बोहल्यावर उभा राहिला की सारे आपोआप होईल. मुलाने शब्द अक्षरशः पाळला. जवळच्या आसनगावात १६२० साली वऱ्हाड जमले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली आणि नवरदेव मांडवाबाहेर पडला.

या प्रसंगाचे कौतुक करताना आपण दोन बायकांना विसरतो. एक ती नवरी मुलगी. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार घेऊन पाटावर उभी. तिचा काही अपराध नव्हता. कीर्तनकार तिला मांडवातच सोडून नाशिकची वाट धरतात. दुसरी राणूबाई. नवरा आधीच गेलेला, आता धाकटा मुलगाही नाहीसा झाला. तो जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नाही. रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. मोठ्या कामाची किंमत पुष्कळदा काम करणाऱ्याआधी त्याच्या घरच्यांनी मोजलेली असते. समर्थांचे थोरपण मान्य करूनही हा हिशेब विसरू नये. ते स्वतःही विसरले नाहीत, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते.

नारायण पंचवटीला पोहोचला आणि जवळच्या टाकळी गावी राहिला. नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमापाशी बारा वर्षे त्याने तपश्चर्या केली. पहाटे नदीच्या पाण्यात उभे राहून माध्यान्हीपर्यंत जप, मग माधुकरी, दुपारी पंचवटीत पुराण-कीर्तनाचे श्रवण, रात्री अध्ययन, असा दिनक्रम सांगितला जातो. याच काळात त्याने वाल्मीकी रामायणाची प्रत स्वतःच्या हाताने उतरून काढली. ते हस्तलिखित धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेले आहे. चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ बोरूने उतरवायचा, तर त्याला केवळ वैराग्य पुरत नाही, बैठक लागते. मांडवातून पळायला एक क्षण पुरला होता. पळालो ते बरोबर होते की नाही, याचे उत्तर मिळवायला त्याने बारा वर्षे रोज तीच वाट तुडवली.

या टाकळीतच त्याला पहिला विद्यार्थी मिळाला. एका कुलकर्ण्याच्या घरचा मुलगा त्याच्या आईवडिलांनी कृतज्ञतेपोटी या तरुण तपस्व्याच्या ओटीत घातला, अशी कथा आहे. त्याचे नाव उद्धव. रामदास तीर्थयात्रेला निघाले तेव्हा उद्धव अगदी लहान होता. त्याला एकटे कसे ठेवायचे? टाकळीला शेणाचा मारुती करून त्यांनी त्याची स्थापना केली आणि त्याची पूजाअर्चा उद्धवाकडे सोपवली. तो गोमय मारुती आजही तिथे आहे. लहान मुलाला निरोप देताना आपण खाऊ देतो, खेळणे देतो. रामदासांनी जबाबदारी दिली. रोज उठून करायचे असे एक काम आणि ज्याच्याशी बोलावे असा एक देव. पुढे उद्धवस्वामी हे त्यांच्या संप्रदायातले एक ज्येष्ठ नाव झाले. समर्थांच्या शाळेचा पहिला वर्ग टाकळीला भरला, तो असा एका मुलाचा.

१६३२ ते १६४४ अशी बारा वर्षे ते हिंदुस्थानभर पायी फिरले. निघण्याच्या सुमारासच, १६३० पासून, दख्खन आणि गुजरात भयंकर दुष्काळात होरपळले होते. गावे ओस पडली, माणसे अन्नान्न करीत देशोधडीला लागली. त्या हालअपेष्टांचे आणि परचक्राने झालेल्या दैन्याचे वर्णन समर्थांनी पुढे आपल्या काव्यात केले आहे. जप करायला बसलेला तरुण ध्यानातून उठून माणसांमध्ये आला आणि त्याला दिसले की लोक खचले आहेत. शरीराने, मनाने आणि श्रद्धेनेही. रामायण उतरवणाऱ्या हातांना आता नुसता बोरू पुरणार नव्हता. लहानपणी अडगळीच्या खोलीत बसून केलेल्या चिंतेला या बारा वर्षांत देश आणि माणसे मिळाली. आपल्याला काय करायचे आहे, ते या पायपिटीत ठरले असावे.

चोवीस वर्षांनी ते जांबला आले. दारात उभे राहून भिक्षेसाठी पुकारा केला. कोणी बैरागी आला आहे असे समजून घरातून भिक्षा आणली गेली आणि मग ओळख पटली, असे वर्णन चरित्रांत येते. आईच्या डोळ्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि तिला दिसू लागले, असे भाविक मानतात. डोळ्यांचे काय झाले याचा वाद कशाला? चोवीस वर्षांनी मुलगा समोर उभा राहिल्यावर कोणत्या आईला दिसू लागणार नाही? ते काही काळ घरी राहिले, आईशी अध्यात्माच्या गोष्टी बोलले आणि तिची परवानगी घेऊन निघाले. पहिल्या वेळी न विचारता गेलेला मुलगा दुसऱ्या वेळी विचारून गेला. आईच्या अंतकाळी, १६५५ मध्ये, ते पुन्हा जांबला आले होते. थोरल्या भावाशीही त्यांचा स्नेह अखेरपर्यंत राहिला. श्रेष्ठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गंगाधरपंतांनी ग्रंथरचना केली, संसार केला, जांबचे घर सांभाळले. एक भाऊ जगात गेला, कारण दुसरा घरी राहिला.

आता रामदासांचे वय छत्तीस. त्यांनी कृष्णाकाठ निवडला. मसूर, शहापूर, उंब्रज, चाफळ हा आजच्या सातारा जिल्ह्यातला भाग. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. अंगापूरच्या डोहात सापडलेल्या मूर्तीची तिथे स्थापना झाली. त्याच्या आगेमागे काही वर्षांत अकरा मारुती बसवले गेले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, चाफळला दोन, बहे, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव. आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत ही ठिकाणे पसरलेली आहेत. नकाशावर पाहिले तर एका माणसाला पायी फिरून देखरेख ठेवता यावी असा हा टापू आहे.

मारुतीच का? मारुती हा तरुण पोरांना आपलासा वाटणारा देव आहे. तो बलवान आहे, पण बळाचा गर्व नाही. बुद्धिमान आहे, पण ती बुद्धी दुसऱ्याच्या कामी लावणारा आहे. त्याच्यापुढे जायला सोवळ्याची फार उठाठेव लागत नाही. तेल, शेंदूर आणि रुईची माळ पुरते. महाराष्ट्रातल्या तालमीत शिरावे तर आजही समोर मारुती असतो. शरीर कमवणे हाही उपासनेचाच भाग आहे, हे पोरांना व्याख्यान न देता सांगण्याची ही युक्ती होती. आणि ज्याला घरात कोणी ओळखत नाही अशा पोराला गावात जाऊन बसायला एक हक्काची जागा झाली.

ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांत चॅप्लिन नावाचा एक धर्मगुरू असतो. तो गणित-भूगोल शिकवणारा मास्तर नसतो, प्रगतिपुस्तकावर त्याची सही नसते. मुलाचे मन उदास झाले, घरात कोणी वारले, श्रद्धा डळमळली, पुढे काय करावे हे कळेना, की त्याच्याकडे जायचे. इटलीतल्या तुरीन शहरात एकोणिसाव्या शतकात जॉन बॉस्को नावाच्या धर्मगुरूने, खेड्यातून कामासाठी आलेल्या बेवारस मुलांना जमवून हेच काम केले. १८१५ साली जन्मलेल्या या माणसाचेही वडील तो दोन वर्षांचा असताना वारले होते आणि नवव्या वर्षी पडलेल्या एका स्वप्नात त्याला आपल्या कामाची चाहूल लागली होती. आज त्याच्या नावाच्या शाळा आपल्याकडेही आहेत. आपल्या भाषेत चॅप्लिनला नेमका शब्द नाही, पण माणसे होती. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांची अंथरुणे आवरीत आणि त्यांच्यासाठी छात्रालय नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. ते काम याच जातीचे. समर्थ या साऱ्यांच्या कितीतरी आधीचे. त्यांच्या शाळेला घंटा नव्हती आणि इमारतही बहुधा एखादी घळ किंवा देऊळ असे.

शाळा होती म्हणजे अभ्यासक्रमही होता, आणि तो दासबोधात आहे. वीस दशक, दोनशे समास, सुमारे पावणेआठ हजार ओव्या. हा ग्रंथ केवळ अध्यात्माचा समजणाऱ्याने त्याचा एकोणिसावा दशक उघडून पाहावा. त्याची सुरुवातच लेखनक्रियेने होते. अक्षर वाटोळे, सरळ आणि सुटे काढावे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखे असावे, ओळी समान अंतरावर असाव्यात, कागदाच्या कडेला मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर जात नाही. बोरू कसा तासावा, शाई-कागद कसे बाळगावेत, इथपर्यंत सूचना आहेत. ज्याचे सारे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले त्या माझ्यासारख्याला हा समास फार जवळचा वाटतो. बेशिस्त अक्षरात बेशिस्त मन दिसते, हे वरिष्ठांनी सांगण्याआधी समर्थांनी सांगून ठेवले होते. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात हे कशासाठी, असे कोणी विचारील. तर ते तरुणांसाठी. आत्मा दिसत नाही, अक्षर दिसते. जे दिसते ते आधी नीट करायला शिकवावे, ही या गुरूची रीत.

दुसरा विषय भिक्षेचा. महंत होऊ पाहणाऱ्या तरुणाने भिक्षा मागावी ती पोट भरण्यासाठी नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने दारोदार जाता येते, लहानथोर माणसे पारखता येतात, कोणत्या घरात काय चालले आहे ते कळते, कोणाच्या मुलात काय गुण आहे ते दिसते. पुष्कळ दिले तरी थोडेच घ्यावे, कोणावर भार होऊ नये. मूर्खांची लक्षणे, पढतमूर्खांची लक्षणे, उत्तम गुणांची लक्षणे अशा याद्याच त्यांनी करून दिल्या. मूर्खलक्षणे वाचताना प्रत्येकाला त्यात कुठे ना कुठे स्वतःचा चेहरा दिसतो आणि हसू येते. रागावून सांगितले असते तर पोरांनी कान बंद केले असते.

या शाळेत आलेली मुले कोण होती? अंबाजी नावाचा एक मुलगा कोल्हापूरकडे त्यांना मिळाला, आई आणि धाकट्या भावासह. एकदा विहिरीवर वाकलेली फांदी तोडायला त्याला सांगितले. फांदीच्या टोकाकडे बसून बुंध्याकडे घाव घालायचा, म्हणजे फांदीबरोबर आपणही पाण्यात जाणार हे उघड होते. अंबाजीने घाव घातला आणि तो विहिरीत पडला. वर काढून कल्याण आहे ना असे गुरूंनी विचारले आणि तेच त्याचे नाव झाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आज आपल्याला ती आज्ञाधारकपणाची गोष्ट म्हणून थोडी अवघड वाटते. पण कल्याणाचे मोठेपण त्या उडीत नव्हते. ते पुढच्या कित्येक वर्षांच्या संथ कामात होते. त्याचे अक्षर सुंदर होते, म्हणून समर्थांनी सांगावे आणि कल्याणाने लिहावे असा रिवाज पडला. शिवथरच्या घळीत दासबोध लिहिला गेला तो याच हातांनी, अशी परंपरा आहे. त्याच्या हातची प्रत परांडा तालुक्यातल्या डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी फिरून समर्थांचे वाङ्मय गोळा केले, तेव्हा तिचा आधार त्यांना मिळाला. ज्या मुलात जे आहे ते ओळखून त्याला तेच काम द्यायचे, याचा हा धडा आहे.

मुली होत्या, हे अधिक नवलाचे. मिरजेच्या सासरी बालपणीच विधवा झालेली वेणा ही त्यांतली एक. त्या काळी अशा मुलीने माजघराच्या अंधारात राहायचे, दळणकांडण करायचे आणि आयुष्य संपण्याची वाट पाहायची. समर्थांनी तिला शिष्या केले, ग्रंथ शिकवले, कीर्तनाला उभे राहण्याचा अधिकार दिला. तिने सीतास्वयंवरासारखे काव्य रचले. मिरजेला, जिथे लोकांनी तिला नावे ठेवली असतील त्याच गावात, तिच्या नावाचा मठ झाला. दुसरी अक्का. चाफळ आणि पुढे सज्जनगड इथल्या कारभाराची मोठी जबाबदारी तिने सांभाळली. ज्या माणसाच्या हातून एका मुलीचा संसार मांडवात अर्धा राहिला, त्याने पुढे संसार हिरावलेल्या मुलींना काम आणि मान दिला. दोहोंचा संबंध त्यांनी कुठे जोडलेला नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र तो जोडला जातो.

तयार झालेल्या शिष्याला जवळ ठेवून घ्यायचे नाही, हाही या शाळेचा नियम. दिनकर गोसावी तिसगावला, कल्याण डोमगावला, दत्तात्रेय शिरगावला, वेणाबाई मिरजेला, भीमस्वामी थेट तंजावरला. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी नवी मुले जमवायची. आपल्यापैकी किती आईबापांना आणि शिक्षकांना हे जमते? तयार झालेले मूल आपल्याजवळच राहावे असे वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

आणि या साऱ्यात एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे या गुरूविषयीचा आदर दुणावतो. स्वतः मांडवातून पळालेल्या या माणसाने मुलांना मांडवातून पळायला शिकवले नाही. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच त्यांनी बजावले आहे की आधी प्रपंच नेटका करावा आणि मग परमार्थाकडे वळावे. दोन्हींत आळस नको. प्रपंच टाकून परमार्थ करू पाहणाऱ्याला अन्नही मिळायचे नाही, असा रोखठोक हिशेब ते मांडतात. आपण गेलो ती वाट सर्वांची नव्हे, हे कळायला मोठे मन लागते. स्वतःच्या आयुष्यालाच नियम समजून तो दुसऱ्यांच्या मुलांवर लादणारे गुरू पुष्कळ असतात. समर्थांनी मूठभरांना महंत केले आणि बाकीच्यांना उत्तम गृहस्थ होण्याचे धडे दिले.

समर्थांचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा बहुधा एकाच दिशेने जाते. शिवाजी महाराजांशी त्यांची पहिली भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये, गुरुशिष्य नाते होते की नव्हते, यावर इतिहाससंशोधकांनी शंभर वर्षे वाद घातला आहे. तो वाद अभ्यासकांनी कागदपत्रांच्या आधारे खुशाल चालवावा. पण त्या गदारोळात टाकळीचा लहानगा उद्धव, विहिरीतून ओला होऊन वर आलेला अंबाजी आणि माजघरातून बाहेर आलेली वेणा ही मुले मागे पडली. राजाच्या गुरूविषयी आपण भांडत राहिलो आणि मुलांचा गुरू विसरलो.

१६७६ पासून समर्थांचा मुक्काम सज्जनगडावर होता. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. माघ वद्य नवमी, शके १६०३ म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, समर्थांनी गडावर देह ठेवला. वय त्र्याहत्तर. कल्याण तेव्हा जवळ नव्हता. तो आपल्या मठाच्या कामात होता. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १७१४ मध्ये, कल्याणस्वामी डोमगावला वारले. तोवर जपून ठेवलेल्या समर्थांच्या अस्थी आणि कल्याणस्वामींच्या अस्थी बरोबरच काशीला नेल्या गेल्या, असे संप्रदायात सांगतात. अंतकाळी दूर असलेला शिष्य शेवटच्या प्रवासात गुरूबरोबर गेला.

जांबला आज राममंदिर आहे, समर्थांच्या जन्मघराची जागा आहे, रामनवमीला गर्दी होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंदिरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा नुसते गाव नव्हे तर सारा महाराष्ट्र हळहळला. त्याच वर्षी त्या सापडल्या. सापडलेल्या मूर्तीचा आनंद मोठाच. पण हरवलेली मुले सापडणे हा समर्थांचा खरा ध्यास होता. मनाचे श्लोक शाळाशाळांतून पाठ होतात, स्पर्धा होतात, बक्षिसे मिळतात. ते चांगलेच आहे. त्या पाठांतरामागे मुलाचे मन ओळखणारा कोणी आहे की नाही, हे मात्र बक्षिसाच्या कपावरून कळत नाही.

आज घराघरांत बारा-चौदा वर्षांची मुले आहेत. कोणी तासन्‌तास दार लावून बसते, कोणी विचारले तर तुटक उत्तर देते, कोणाला आपण आखलेली वाट नको असते आणि स्वतःची वाट अजून दिसत नसते. पूर्वी अशा मुलाचे लग्न लावून देत. आता त्याला शिकवणीला घालतात. उपाय बदलला, घाई तीच आहे. जांबच्या नारायणाला आपले काम सापडायला चोवीस वर्षे लागली आणि सापडल्यावर त्याने बाकीचे आयुष्य इतरांच्या मुलांना एवढी पायपीट पडू नये म्हणून घालवले. मुलाला लगेच उत्तर हवे असते असे नाही. रोज करण्याजोगे एखादे छोटे काम, जाऊन बसायला एखादी जागा आणि घाई न करता ऐकणारे एक माणूस, एवढे मिळाले तर पुष्कळ मुलांना मांडवातून पळावे लागणार नाही.